उसाच्या पट्ट्यात राहताय? बिबट्यापासून घरच्यांना कसं सांभाळायचं

आमच्याकडं, म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चार तालुक्यांत, बिबट्या "आला" असं म्हणण्यात आता काही अर्थ नाही, तो इथंच असतो. धरणं झाली, कालव्याला पाणी आलं, ऊस वाढला, आणि ऊस म्हणजे मादीसाठी वर्षभर कोणी फिरकत नाही अशी जागा, तिथंच ती विते, दोन-तीन पिल्लं तिथंच मोठी होतात, त्यांनी जंगल कधी बघितलेलंच नसतं. धरून लांब नेऊन सोडा असं सगळे म्हणतात, पण २००१ ते २००३ च्या दरम्यान जुन्नर भागात तेच करून झालंय आणि हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. एकाची जागा रिकामी झाली की दुसरा येतो, आणि नेऊन सोडलेला अनोळखी मुलखात बिथरतो. म्हणून बदल आपल्याला आपल्या रोजच्या सवयीत करायचाय.

सुरुवात घरापासून करा. बिबट्या वस्तीवर येतो तो बहुतेक वेळा कुत्र्यासाठी, शेळीसाठी. पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या ओढ्याला टाकून देतात, त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागं बिबट्या येतो. खड्डा घेऊन पुरा, एवढं एक काम केलंत तरी खूप फरक पडतो. गोठा चारी बाजूंनी जाळीचा आणि वरूनही बंद पाहिजे, कारण हा पत्र्यावरून, भिंतीवरून सहज उतरतो.

आता पोरांचं, आणि हे मी अगदी हात जोडून सांगतो. दिवस मावळला की लहान पोरगं अंगणात एकटं नको, पाच मिनिटंसुद्धा नको. खाली बसलेला माणूस त्याला कुत्र्या-शेळीएवढा दिसतो, म्हणून संध्याकाळी वाकून गवत कापणारी बाई, अंधारात बाहेर बसलेलं पोरगं, यांना धोका जास्त. घर आणि ऊस यात थोडी तरी मोकळी जागा ठेवा, दारापर्यंत ऊस लावू नका, दोन सऱ्या कमी आल्या तरी चालतील.

रात्री शेताला पाणी द्यायला जावंच लागतं, मोटारीला लाईट बऱ्याचदा रात्रीचीच असते. जाताना दोघं जा, मोठी बॅटरी आणि काठी घ्या, मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावा, कानात हेडफोन अजिबात नको. मागच्या हिवाळ्यात रात्री दोनला मोटार चालू करायला गेलो, बांधावर बॅटरी मारली तर गवताच्या वर दोन ठिपके चमकत होते आणि हलत नव्हते. पळावंसं वाटलं पण पळालो नाही, बॅटरी तिथंच धरली, फावडं पाईपवर जोरजोरात वाजवलं, ओरडलो, आणि तोंड त्याच्याकडंच ठेवून एक एक पाऊल मागं घेत गेलो. थोड्या वेळानं शेपटी दिसली, मग आत पाचट वाजत गेलं, गेला तो. समोर आला तर हेच करायचं. पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, वाकायचं नाही. हात वर करून मोठं दिसायचं, पोरगं सोबत असेल तर न वाकता उचलून घ्यायचं, आणि त्याला निघून जायला वाट ठेवायची, चारी बाजूंनी घेरायचं नाही. अंगावर आलाच तर तो मान धरतो, तेव्हा मान झाकून हातात येईल त्यानं प्रतिकार करा, गप पडून राहू नका.

जखम झाली तर लहान असो की मोठी, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना काही भरू नका, रक्त जास्त जात असेल तर कापड दाबून धरा आणि सरळ दवाखाना गाठा. रेबीजची लस घ्यायचीच, नुसतं नख लागलं म्हणून टाळू नका.

घरात किंवा गोठ्यात शिरला तर माणसं बाहेर काढा, बाहेरून कडी लावा आणि वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन करा. विहिरीत पडला तरी फोन तोच, शक्य असेल तर काठावरूनच दोर बांधून बाज खाली सोडा, त्यावर तो टेकतो. शूटिंग करायला गर्दी करू नका, जास्त माणसं तिथंच जखमी होतात, घाबरलेलं जनावर मिळेल त्या बाजूला उडी मारतं. शेळी-वासरू मारलं तर ते जागेवरून हलवू नका, लगेच कळवा, पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही.

आणि ऊसतोडीत पिल्लं सापडली तर तोड तिथंच थांबवा. पिल्लांना हात लावू नका, घरी आणू नका, फोटोसाठी उचलून फिरवू नका, पिल्लं गेलेली मादी त्याच उसाच्या फडाभोवती घुटमळत राहते आणि जवळच ऊस तोडणाऱ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या असतात, उघड्यावर झोपलेली त्यांची पोरं असतात. वनखात्याचे लोक पिल्लं तपासून संध्याकाळी क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात, अंधार पडला की मादी येते आणि एकेक करून तोंडात धरून नेते. त्या रात्री फडाकडं कोणी जायचं नाही, ट्रॅक्टरसुद्धा नाही.