रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय आत्मपरीक्षणासाठी कसा वाचावा

बायबलच्या नव्या करारातील या पत्राच्या सातव्या अध्यायाच्या वाचनाचा आरंभ सातव्या वचनापासून करावा, कारण तेथे पत्राचा लेखक, प्रेषित पौल, दहा आज्ञांपैकी नेमकी लोभाविषयीची आज्ञा निवडतो, आणि खून किंवा चोरी यांपासून हात आवरता आला तरी मनातील हाव आवरत नाही, हे वाचकाच्या तेथेच ध्यानात येते. नंतर १५ ते २० ही वचने सावकाश वाचून, जे चांगले करावेसे वाटले पण केले नाही, असे त्या दिवसातील एखादे काम स्पष्टपणे देवापुढे मांडावे. ‘मी पापी आहे’ असे मोघम म्हणणे सोपे असते आणि म्हणूनच ते फारसे उपयोगी नसते. या वचनांत बोलणारा ‘मी’ कोण, हा वाद जुना आहे: प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने आधी तो देवाची कृपा लाभण्यापूर्वीचा मनुष्य मानला, पुढे विश्वासणारा मानला. प्रार्थनेसाठी तो वाद मिटण्याची गरज नाही. बाराव्या वचनात नियमशास्त्राला, म्हणजे मोशेद्वारे दिलेल्या देवाच्या आज्ञांना, पवित्र म्हटले असल्याने दोष आज्ञेवर ढकलू नये, तसेच दुर्बलतेची सबबही सांगू नये; सहाव्या अध्यायाने ती वाट आधीच बंद केली आहे. चोविसाव्या वचनातील ‘मला कोण सोडवील?’ या आक्रोशापाशी मात्र थांबू नये, तर आठव्या अध्यायाच्या चौथ्या वचनापर्यंत वाचावे, कारण देहामुळे नियमशास्त्राला जे साधले नाही ते देवाने आपल्या पुत्राला पाठवून केले, असे पौल तेथे सांगतो.