गिटमधल्या हजारो ब्रँच उडवायच्यात? आधी लॉक कुठे लागतं ते बघा

आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात सर्व्हरवर गिटमधल्या (कोडमधले बदल जपून ठेवणारं टूल) जुन्या ब्रँच, म्हणजे कामाच्या वेगळ्या शाखा, उडवणारी एक स्क्रिप्ट होती, साधा लूप, एका ब्रँचला एक कमांड. ती रात्री सुरू व्हायची आणि सकाळी ठाणे-वाशी लोकलने माणसं येऊन बसली तरी चालूच, मग कोणी आपली मर्ज झालेली (मुख्य कोडात मिसळलेली) ब्रँच डिलीट करायला गेलं की एरर, पॅक्ड-रेफ्सची लॉक फाइल (एकाचं लिहून होईपर्यंत दुसऱ्याला थांबवणारी) आधीच आहे म्हणून.

असं का होतं बघा. ब्रँच म्हणजे एक छोटी फाइल, आत ४० अक्षरांचा हॅश, म्हणजे त्या ब्रँचवरच्या शेवटच्या बदलाची ओळख. अपडेट करताना गिट त्याच नावापुढे .लॉक लावून नवी फाइल बनवतं, हॅश लिहितं आणि शेवटी रिनेम करतं, त्यामुळे वाचणाऱ्याला लॉक लागतच नाही, त्याला एकतर जुनं दिसतं नाहीतर नवं. पण अशा फाइली हजारोंनी साठल्या की सगळंच मंदावतं म्हणून आपण गिट पॅक-रेफ्स --ऑल मारतो आणि सगळे रेफ (ब्रँचसारखी नावं आणि त्यांचे हॅश) पॅक्ड-रेफ्स नावाच्या एका फाइलीत जातात. वाचायला झकास, पण त्यातला एक रेफ काढायचा तर अख्खी फाइल नव्याने लिहावी लागते आणि तेवढा वेळ तिचं लॉक अडकलेलं. हिशोब करा ना, ओळ ८० बाइटची धरली आणि रेफ ५० हजार, तर फाइल ४ एमबी, एकेक करून १००० उडवले की ४ जीबी लिखाण!

म्हणून लूप काढा आणि गिट अपडेट-रेफ --स्टडइन वापरा, त्याला सगळी यादी एकदम देता येते. प्रत्येक ओळीत डिलीट, रेफचं पूर्ण नाव आणि जुना हॅश, रेफची यादी देणाऱ्या गिट फॉर-ईच-रेफच्या फॉरमॅटमधून ही ओळ तयारच मिळते. जुना हॅश गाळू नका हां, मधल्या वेळात कोणी त्या ब्रँचवर पुश केलं (नवं काम सर्व्हरवर पाठवलं) असेल तर त्याचं काम त्यामुळेच वाचतं. फक्त एक रेफ जरी अडला तरी पूर्ण ट्रान्झॅक्शन (एकत्र दिलेली सगळी डिलीट) रद्द होतं, शिवाय त्यातल्या सगळ्या रेफची लॉक एकदम धरली जातात, म्हणून मी ५००-५०० चे गट करतो आणि फसलेल्या गटाची यादी नव्याने काढतो.

पॅक्ड-रेफ्सच्या लॉकसाठी गिट मुळात १ सेकंद थांबतं, कोअर.पॅक्डरेफ्सटाइमआउट ही सेटिंग ५००० मिलिसेकंद केली की गर्दीच्या रेपोत (प्रोजेक्टच्या गिट साठ्यात) बरं पडतं. आणि लॉक फाइल दिसली की आरएम मारून ती पुसायची सवय कृपया सोडा, आधी पीएस (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) लावून बघा कुठली गिट प्रोसेस जिवंत आहे का, नाहीतर दोघं एकाच वेळी लिहितील आणि एकाचं गुपचूप जाईल.

२०२४ मध्ये गिट २.४५ पासून रेफटेबल, म्हणजे रेफ साठवायची नवी पद्धत, आलंय. त्यात डिलीट म्हणजे शेवटी एक छोटी नोंद, पूर्ण फाइल परत लिहिणं नाही. पण लॉक सगळ्या रेफना मिळून एकच, म्हणजे वेगवेगळ्या ब्रँचवर लिहिणारेही एकमेकांसाठी थांबतात. रेफ भरपूर आणि साफसफाई सारखी असेल तर मी तेच घेईन, छोट्या रेपोत जुनंच ठीक. जुन्यातून नव्या पद्धतीत जायला २.४६ पासून गिट रेफ्स मायग्रेट ही कमांड आहे, ते चालू असताना मात्र रेपोत कोणाचंही पुश नको, आणि आधी कॉपीवर करून बघा.