शीटमधली रांगोळी: सहावी-सातवीसाठी एक मस्त प्रयोग

दादरच्या आमच्या मराठी शाळेत कॉम्प्युटरचा तास म्हणजे मार्कांचे तक्ते टाइप करणं, मुलं नुसती जांभया द्यायची, म्हणून हे सुरू केलं. गूगल शीट्समध्ये २० कॉलम सिलेक्ट करून रुंदी २१ पिक्सेल करा, ओळीची उंची मुळात तेवढीच असते, म्हणजे झाला चौकटीचा कागद. मग कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये (आकड्याप्रमाणे चौकटीचा रंग आपोआप बदलणारी सोय) १ आला की लाल, २ ला पिवळा, ३ ला हिरवा असे नियम लावा, अक्षराचा रंगही तोच ठेवा म्हणजे आकडा दिसत नाही. ० साठी वेगळा नियम लागत नाही, कारण गूगल शीट्समध्ये रिकाम्या चौकटीचं उत्तरही रिकामंच दिसतं.

आता खरी गंमत. मुलांनी फक्त डाव्या १० कॉलममध्ये आकडे भरायचे. ११व्या कॉलमच्या पहिल्या चौकटीत बरोबरचं चिन्ह (=) टाकून १०व्यावर क्लिक, १२व्यात ९व्यावर, असं २०व्यापर्यंत, मग ती सूत्रं खाली ओढायची. उजवी बाजू आरशासारखी आपोआप उमटते! नमुना मात्र तुम्ही देऊ नका प्लीज, कोणी पैठणीचा मोर काढतं, कोणी लोकलचा डबा, काढू दे. एक आकडा बदलला की दोन्हीकडे रंग बदलतो हे बघताना सममिती वेगळी शिकवावी लागत नाही.