भाषाविज्ञान शिकायचंय? आधी नाशिक जिल्हा ऐका

भाषाविज्ञानाला जावं का, हे विचारायला येणाऱ्या मुलामुलींचे दोन प्रश्न ठरलेले असतात : किती भाषा याव्या लागतात, आणि पुढे नोकरी मिळते का? नोकरीचं पुढे सांगते. भाषांचं सांगायचं तर, दहा भाषा फाडफाड बोलणारा माणूस भाषावैज्ञानिक असेलच असं नाही, आणि एका बोलीवर आयुष्य घालवलेला माणूस फार मोठा भाषावैज्ञानिक असू शकतो. मी नाशिकला मराठी घेऊन बी. ए. केलं, मग पुण्याला डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाला गेले. नंतर भाषांतर, कोशाचं काम, बोलींचं रेकॉर्डिंग करत याच विषयात राहिले. त्या वाटेवर जे उपयोगी पडलं ते इथे लिहिते.

पाठ्यपुस्तक उघडण्याआधी भाषावैज्ञानिकांची आणि लेखकांची आयुष्यं वाचा. वाचताना एक प्रश्न सतत विचारत राहा : यांच्यासमोर कोण बसलं होतं? विल्यम केरीनं 1805 मध्ये श्रीरामपूरला मराठीचं व्याकरण छापलं हे सगळीकडे लिहिलेलं असतं. बंगालमध्ये बसून हे शक्य झालं ते फोर्ट विल्यम कॉलेजातले मराठीचे पंडित वैजनाथ शर्मा सोबत होते म्हणून. मोल्सवर्थच्या 1831 च्या मराठी-इंग्रजी कोशामागेही शब्द गोळा करणारे आणि पारखणारे शास्त्री होते. मुखपृष्ठावर एक नाव येतं, काम मात्र दोन्ही बाजूंनी झालेलं असतं.

माझ्यावर सगळ्यात खोल परिणाम झाला तो अमेरिकन भाषावैज्ञानिक एडवर्ड सपीर आणि टोनी टिलोहॅश या जोडीचा. टिलोहॅश हा अमेरिकेतल्या सदर्न पायूट भाषेचा तरुण भाषक. 1910 मध्ये फिलाडेल्फियात दोघं काही महिने एकत्र बसले. सपीर विचारायचा, ऐकायचा, टिपून घ्यायचा. त्या बैठकींतून पुढे 1930 च्या सुमारास पायूटचं व्याकरण, गोष्टी आणि कोश छापून आला. पण मला त्यातली एक छोटी गोष्ट मोलाची वाटते. सपीरनं टोनीला त्याची भाषा लिहायला शिकवलं. एका शब्दात सपीरच्या कानाला ‘व’च्या जवळचा, ओठांमधून घासत जाणारा आवाज ऐकू यायचा. टोनी तिथे न डगमगता ‘प’ लिहायचा. त्या भाषेत स्वरानंतर ‘प’ असा मऊ होतो, आणि बोलणाऱ्याच्या मनात तो ‘प’च असतो. कानावर पडणारा ध्वनी आणि बोलणाऱ्याच्या मनातला ध्वनी यांतला हा फरक सपीरनं 1933 च्या प्रसिद्ध निबंधात मांडला. स्वनिम, म्हणजे बोलणाऱ्याच्या मनातला हा ध्वनी, ही कल्पना वर्गात कळायला ज्यांना जड जाते, त्यांनी टोनीची ही हकीकत वाचावी. ज्याला आपण ‘नमुना देणारा’ म्हणतो त्याला आपल्या भाषेचं किती बारीक ज्ञान असतं, हे त्यातून कळतं.

आता नाशिककडे या. या विषयासाठी आपला जिल्हा विलक्षण आहे आणि इथल्याच मुलांना त्याची कल्पना नसते. सटाणा, मालेगाव, देवळा, कळवणकडे अहिराणी. सुरगाणा, पेठकडे कोकणा. त्र्यंबकच्या हरसूल भागात वारली. मालेगावात उर्दूची मोठी परंपरा. इंग्रज अधिकारी जॉर्ज ग्रिअर्सन यानं केलेल्या भारताच्या भाषिक सर्वेक्षणात मराठीचा खंड सातवा, 1905 चा. पण खानदेशी, म्हणजे आपली अहिराणी, त्यात शोधाल तर सापडणार नाही. तिला त्यांनी 1907 मध्ये नवव्या खंडात भिल्ल भाषांच्या शेजारी बसवलं. अहिराणी मराठीची बोली आहे की नाही, या वादावर सटाण्याच्या चहाच्या टपरीवर तासभर सहज जाईल, आणि तो वाद शंभर वर्षांहून जुना आहे. ‘काय करी राहिना’ म्हणणाऱ्या माणसाशेजारी उभे राहा, मग गुजरातीची ‘करी रह्यो’ ही रचना ऐका, म्हणजे ग्रिअर्सनला काय दिसलं असेल ते कळेल.

ग्रिअर्सनची पद्धतही समजून घ्या, कारण तिची ताकद आणि मर्यादा दोन्ही शिकण्यासारख्या आहेत. जिल्ह्याजिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांकडे एकच मजकूर गेला : बायबलमधल्या उधळ्या मुलाची गोष्ट. तिचं स्थानिक बोलीत भाषांतर करून घ्यायचं, सोबत एखादी तिथलीच गोष्ट किंवा मजकूर आणि शब्दांची, वाक्यांची ठरलेली यादी. त्यामुळे शेकडो बोलींची तुलना करता आली. तोटा असा, की भाषांतर करणारा माणूस मूळ मजकुराच्या वळणानं बोलतो. ‘हे तुमच्या भाषेत कसं म्हणाल?’ असं विचारलं की आजही सुरगाण्यातला माणूस मराठीच्या साच्यात बसवून उत्तर देतो. त्यापेक्षा त्याला नागलीसाठी राब कसा भाजतात ते सांगू दे. तो बोलत सुटतो, आणि क्रियापदाची जी रूपं यादी वाचून कधी मिळाली नसती ती आपोआप येतात.

रेकॉर्डिंगबद्दल थोडं तपशिलानं सांगते, कारण इथेच नव्या मुलांचा वेळ जातो. फोन चालेल, पण ॲपमध्ये वेव्ह फॉरमॅट निवडा. पंखा बंद करा. भांडी घासण्याचा आवाज, कोंबड्या, रस्त्यावरची एसटी हे सगळं नंतर छळतं. सुरुवातीला तारीख, गाव, वय आणि संमती तोंडी रेकॉर्ड करून घ्या. बाई बोलत असेल तर माहेर कुठलं हे हमखास विचारा. आपल्याकडे लग्नानं बायका गाव बदलतात, आणि ‘या गावची बोली’ म्हणून तुम्ही टिपलेली लकब पंचवीस कोसांवरून आलेली असू शकते. ऑक्टोबरच्या छाटणीपासून द्राक्षांच्या काढणीपर्यंत पेठ-सुरगाण्याची कितीतरी माणसं दिंडोरी, निफाडच्या बागांत कामाला असतात. त्यांना कामाच्या वेळी अडवू नका. तासन्‌तास बसवणार असाल तर बुडालेली रोजंदारी द्या. याबाबत माझं मत ठाम आहे : आपल्याला पदवी मिळणार असेल तर समोरच्याचा दिवस फुकट घ्यायचा हक्क आपल्याला नाही. विधीची गाणी तर विचारल्याशिवाय रेकॉर्ड करायचीच नाहीत. आणि घरी आल्यावर फाइलच्या दोन प्रती करून ठेवा.

मग खरं काम सुरू होतं. पाच मिनिटांच्या गोष्टीचं नीट ट्रान्स्क्रिप्शन करायला नवख्याला अख्खा दिवस लागतो. आयपीए, म्हणजे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी, शिकून घ्या. इलान आणि प्राट ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. पहिल्यात रेकॉर्डिंगखाली ओळीओळीनं मजकूर बांधता येतो, दुसऱ्यात ध्वनी डोळ्यांनी पाहता येतो. डेक्कन कॉलेजानं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करून ध्वनिमुद्रित नमुने ऑनलाइन ठेवले आहेत. आपल्या तालुक्याचे नमुने आधी ऐका.

हे कशासाठी, असं कधीतरी वाटेल. तेव्हा भाषावैज्ञानिक अन्विता अब्बी यांचं अंदमानातलं काम वाचा. 2005 पासून त्यांनी ग्रेट अंदमानी भाषांचं दस्तऐवजीकरण केलं. त्यांच्या भाषकांपैकी बोआ ही वृद्धा ‘बो’ भाषा बोलणारी शेवटची व्यक्ती. तिच्या भाषेत बोलायला तिला कुणी उरलं नव्हतं. 2010 च्या जानेवारीत ती गेली. अब्बींनी या भाषांच्या व्याकरणाबद्दल दाखवलं, की शरीराच्या अवयवांची विभागणी त्यात खोलवर गुंफलेली आहे. माणसाचं मन जग कसं मांडतं याचा असा एक प्रकार शक्य आहे, हे ती माणसं बोलली म्हणून आपल्याला कळलं.

ज्यांना लेखनाकडे जायचंय त्यांनी केनियाच्या न्गुगी वा थिओंगो यांचं आयुष्य वाचावं. इंग्रजी कादंबऱ्यांनी नाव झालेला हा लेखक. 1977 मध्ये गावकऱ्यांसोबत त्यांनी गिकुयू भाषेत नाटक केलं, त्यावर बंदी आली आणि वर्षअखेरीस खटल्याविना तुरुंग. तिथे टॉयलेट पेपरवर त्यांनी गिकुयूत कादंबरी लिहिली. इंग्रजीत लिहिताना ज्या सरकारनं त्यांना हात लावला नव्हता, ते मातृभाषेत लिहिल्यावर धरायला आलं. अहिराणीत किंवा कोकणात लिहिणाऱ्या मुलांना ‘मराठीत लिही, वाचक मिळतील’ असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. दोन्हींत लिहा. अरुण कोलटकर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत तोलामोलाचं लिहीत होतेच. आणि आपल्या गावात राहून कुसुमाग्रजांनी शेक्सपिअर आणि ‘मेघदूत’ मराठीत आणलं.

आता शिक्षण आणि पोटापाण्याचं. बी. ए. कुठल्याही विषयात चालतं. एम. ए. साठी डेक्कन कॉलेज जवळचं, मुंबई विद्यापीठातही विभाग आहे, दूर जायची तयारी असेल तर दिल्ली आणि हैदराबाद. नोकरी करत शिकायचं असेल तर मुक्त विद्यापीठ नाशिकातच आहे, बी. ए. तिथे होईल. नेटला भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे, पण प्राध्यापकीच्या जागा अगदी थोड्या निघतात, त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेचे प्रकल्प, भाषांतर, सबटायटल्स, कोश, आदिवासी भागातल्या शाळांसाठी द्विभाषिक साहित्य आणि आता संगणकाला भारतीय भाषा शिकवण्याचं काम, यांतून घर चालतं. शब्दामागे पैसे देणाऱ्या भाषांतरात घाई असते आणि दर पडेल असतात. एखादं क्षेत्र, कायदा किंवा वैद्यक, नीट शिकलात तर दर वाढवून मागता येतो.

प्रवेशाआधीच्या सुट्टीत ‘सावाना’त, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, जा. 1840 पासूनचं ग्रंथालय आहे. ना. गो. कालेलकरांचं ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ घ्या, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेलं आहे आणि बारावीच्या मुलालाही समजेल अशा मराठीत आहे. सोबत घरातल्या आजीची किंवा शेजारच्या कुणाची एक गोष्ट रेकॉर्ड करून लिहून काढा, खाली शब्दाशब्दाचा अर्थ मांडा. मुलाखतीला जाताना ती पानं बरोबर न्या. तुम्ही एखादं रूप तसंच का लिहिलं, यावर प्राध्यापक प्रश्न विचारतील, आणि उत्तर तुमच्याकडे असेल.