इत्थशाल दिसला म्हणजे काम झालं असं नाही

कुंडली मांडता येते, राशिस्वामी आणि उच्च-नीच तोंडपाठ आहेत, आणि आता माशाअल्लाह, साह्ल इब्न बिश्र, अबू माशर, पुढे इटलीतला ग्विदो बोनाती यांचं मध्ययुगीन ज्योतिष शिकायचंय, अशांसाठी हे आहे. परिभाषेला घाबरू नका. ती अरबी आहे आणि तिच्यातले कितीतरी शब्द तुमच्या तोंडात रोज असतात: हद्द, कबूल, रद्द, मनाई, नक्कल, जमा. ज्योतिषाबरोबर हेच शब्द संस्कृतात आले तेव्हा त्यांचे हद्दा, कम्बूल, रद्द, मणऊ, नक्त आणि यमया झाले. ‘इत्तिसाल’ म्हणजे जोडलं जाणं, त्याचा इत्थशाल झाला. नीलकंठाने १५८७ मध्ये ताजिकनीलकंठी लिहिली, तोवर ही विद्या आपल्याकडे तीनेकशे वर्षं मुरलेली होती. ताजिक, म्हणजे अरबी-फारसीतून आपल्याकडे आलेलं हेच ज्योतिष, येत असेल तर बरीच वाट चालून झाली आहे. मात्र काही ठिकाणी हीच ओळख घात करते. ते पुढे येईलच.

सगळ्यात आधी सॉफ्टवेअरमधला अयनांश बंद करा. लॅटिन परंपरेतल्या राशी सायन आहेत, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या; निरयन राशी ताऱ्यांवरून मोजतात आणि दोन्हींतला फरक म्हणजे अयनांश. आपल्याकडची बहुतेक सॉफ्टवेअर लाहिरी अयनांशावर उघडतात आणि ग्रह जवळपास २४ अंश मागे नेतात. हद्दा म्हणजे राशीचे ग्रहांना वाटून दिलेले असमान तुकडे. मेषेतल्या हद्दा गुरू ६, शुक्र ६, बुध ८, मंगळ ५, शनी ५ अशा आहेत. इतक्या बारीक वाटणीत २४ अंशांची चूक म्हणजे सगळाच खेळखंडोबा. ताजिक निरयन करायचं तर पूर्ण निरयन करा. दोन्हीकडचं थोडं थोडं घेऊ नका.

आता खरा सापळा.

दीप्तांश, म्हणजे ग्रहाचं तेज किती अंशांपर्यंत पोहोचतं ते, ठरलेले आहेत: रवी १५, चंद्र १२, गुरू आणि शनी ९, मंगळ ८, बुध आणि शुक्र ७. दोन ग्रहांच्या दीप्तांशांची बेरीज करून निम्मी करायची. शीघ्र ग्रहाचे अंश कमी, मंद ग्रहाचे जास्त, दृष्टी आहे आणि अंतर त्या निम्म्या बेरजेच्या आत आहे, की इत्थशाल. इथपर्यंत सगळे येतात आणि ‘काम होणार’ असं सांगून मोकळे होतात. पण इत्थशाल म्हणजे एक ग्रह दुसऱ्याकडे निघालाय, एवढंच. तो पोहोचतो की नाही हे अजून बघायचंच आहे.

प्रश्न विचारला त्या क्षणाच्या कुंडलीचं एक उदाहरण पाहू. प्रश्न: उसने दिलेले पैसे परत येतील का? समजा वृषभ लग्न, लग्नेश शुक्र वृषभेतच २२°४०′ वर. ज्याला पैसे दिले तो सप्तमात, त्याचा पैसा अष्टमात. तिथे धनू, स्वामी गुरू. गुरू सिंहेत २९°२०′. केंद्रदृष्टी आहे, अंतर ६°४०′, आणि शुक्र-गुरूची मर्यादा ८ अंश. म्हणजे इत्थशाल आहे. शुक्र स्वगृही, लग्नात. हे बघून ‘मिळतील’ म्हणण्याचा मोह कुणालाही होईल.

आता गती घ्या. शुक्र रोज ७२ कला चालतोय, गुरू १२ (६० कला म्हणजे एक अंश). फरक ६० कला. ४०० कलांचं अंतर मिटायला सहा दिवस आणि सोळा तास लागतील. गुरूची रास संपायला मात्र ४० कलाच उरल्यात. तीन दिवस आणि आठ तासांत तो कन्येत जातो. तेव्हा शुक्र असतो २६°४०′ वर. समजा शनी कुंभेत २९°४०′ वर जवळजवळ थबकलेला आहे. गुरू निसटतो आणि शुक्र सहाव्या दिवशी शनीला जाऊन भिडतो. अरबीत याला ‘फौत’ म्हणतात. तोच शब्द, जो आपल्या जुन्या पत्रांत माणूस गेल्यावर येतो. पैसे द्यायची भाषा होते, हालचालही दिसते, आणि माणूस हातातून सुटतो, असं ते वाचायचं.

म्हणून अंतर मोजलं की चार गोष्टी बघितल्याशिवाय तोंड उघडू नका. दोघांपैकी कुणी आधी रास बदलतोय का? शीघ्र ग्रह पोहोचण्याआधी वक्री होऊन मागे फिरतोय का? मधल्या अंशांवर तिसरा ग्रह आडवा येतोय का (मणऊ)? आणि ज्याच्याकडे जायचंय तो वक्री किंवा अस्तंगत आहे का? असला तर मिळालेलं तेज तो परत करतो, तोच रद्द. गती त्या दिवसाच्या पंचांगातून किंवा एफेमेरिसमधून घ्या. सरासरी गती इथे चालत नाही. शुक्र एरवी सव्वा अंशापर्यंत धावतो आणि स्तंभी असताना हलतच नाही.

हे गणित सुरुवातीला नकोसं होतं. होऊ द्या. वहीत प्रत्येक ग्रहापुढे अंश-कला, आजची गती आणि रास संपायला उरलेल्या कला असे तीन रकाने आखा. वीसेक कुंडल्या अशा हाताने केल्यात की नजर आपोआप राशीच्या शेवटाकडे जायला लागते. सॉफ्टवेअरने दिलेली योगांची यादी तोवर उघडू नका. ती अंतर बघते, पुढचं बघत नाही. आणि ज्या गुरुजींच्या वहीत चुकलेला एकही प्रश्न नाही, त्यांच्याकडे फी भरण्याआधी दहादा विचार करा. ही विद्या चुकलेल्या प्रश्नांतूनच शिकवता येते.

ताजिकवाल्यांना दोन जागी ठेच लागते. पहिली कम्बूल. नीलकंठीत चंद्राने इत्थशालात भाग घेतला की कम्बूल. मूळ ‘कबूल’ चंद्रापुरता नाही: जो ग्रह येतोय तो समोरच्याच्या घरात किंवा उच्च राशीत असेल तर समोरचा त्याला कबूल करतो, पाहुणा म्हणून घरात घेतो. वाईट दृष्टीनेही काम निभतं ते यामुळे. दुसरी सहमं, म्हणजे ग्रह आणि लग्न यांच्या अंशांवरून काढलेले बिंदू. पुण्यसहम दिवसा चंद्र वजा रवी अधिक लग्न, रात्री रवी वजा चंद्र अधिक लग्न. लग्न त्या दोघांच्या मध्ये नसेल तर एक रास मिळवा, हा नीलकंठीतला संस्कार अरबी-लॅटिन पद्धतीत करायचा नाही. केलात तर सहम पूर्ण ३० अंश सरकतं.

बलासाठी ५-४-३-२-१ पुरे: स्वगृह, उच्च, त्रिकोणस्वामित्व, हद्दा, द्रेष्काण. बेरजेत रमू नका. बोनातीने दिलेले, निर्णय देण्याआधी तपासायचे १४६ विचारही पहिल्या वर्षी पाठ करत बसू नका. आजारपणाचे आणि मृत्यूचे प्रश्न मात्र घेऊच नका, कितीही आग्रह झाला तरी.

सरावाला बगदादच्या पायाभरणीचा मुहूर्त घ्या. तो ठरवणाऱ्यांत माशाअल्लाह होता आणि कुंडली अल-बिरूनीने नोंदवून ठेवली: ३० जुलै ७६२, धनू लग्न, लग्नात गुरू. ही तारीख ज्युलियन आहे. ग्रेगोरियन ३ ऑगस्ट. चार दिवस चुकले तर चंद्र पन्नासहून जास्त अंश हलतो. सायन रवी सिंहेत १० अंशांच्या आसपास आला पाहिजे. नाही आला, तर तिथेच थांबा आणि सॉफ्टवेअरमधलं कॅलेंडर आधी तपासा.