दह्याच्या डब्यापासून इपॉक्सीपर्यंत चालणारा घरचा टेम्परेचर कंट्रोलर

थंडीत आमच्याकडे दही लागायचंच नाही, आणि खालच्या वर्कशॉपमध्ये इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारा गोंद) दोन-दोन दिवस चिकटच, शेवटी वैतागून तापमान हवं तेवढं धरून ठेवणारा एक डबा बनवला जो दोन्हीकडे उचलून नेता येतो.

सामान फार नाही. एसटीसी-१००० कंट्रोलर (तापमान बघून गरम किंवा गार करणारं उपकरण चालू-बंद करणारं तयार यंत्र; स्टिकरवर २२० व्होल्ट लिहिलंय ना ते बघूनच घ्या, दिसायला सेम असा १२ व्होल्टवालाही येतो, तो घरच्या लाईनवर लावला की गेला), मोठा पीव्हीसी बॉक्स, दोन थ्री पिन सॉकेट, ५ अँपिअरचा फ्यूज, १.५ स्क्वेअर एमएमची थ्री कोर केबल आणि टॉप (भिंतीत लावायचा थ्री पिन प्लग). बॉक्सला ७१ बाय २९ मिलिमीटरची खाच लागते, आधी ड्रिलने भोकं पाडा, ब्लेडने कापा, मग कानस.

आता वायरिंग, इथेच सगळे अडकतात. मागे ८ स्क्रू असतात: १-२ सप्लाय, ३-४ सेन्सर, ५-६ हीटिंग, ७-८ कूलिंग. ५-६ मधून करंट आपोआप येत नाही हो, ते नुसतं आतलं स्विच आहे, ७-८ पण तसंच. म्हणून फ्यूजमधून आलेली फेज १ वर, तिथूनच लूप मारून ५ आणि ७ वर, मग ६ मधून गरम सॉकेटला फेज आणि ८ मधून गार सॉकेटला. न्यूट्रल २ वर आणि दोन्ही सॉकेटला. अर्थिंग सरळ दोन्ही सॉकेटला, ते गाळायचं नाही. रिले (तेच आतलं स्विच) १० अँपिअरचा म्हणतात पण मी १००० वॉटच्या वर काही लावत नाही. मेनलाईनची सवय नसेल तर एवढा भाग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, लाज कसली.

सेटिंगसाठी एस बटण ३ सेकंद दाबून धरा. एफ१ म्हणजे हवं ते तापमान, एफ२ म्हणजे किती खाली गेल्यावर परत चालू व्हायचं, मी ०.५ ठेवतो. एफ३ कूलिंगचा डिले, फ्रिज लावणार असाल तर ३ मिनिटं राहू द्या, नाहीतर कॉम्प्रेसरची वाट लागेल. एफ४ कॅलिब्रेशन: स्टीलच्या ग्लासात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी, ढवळून प्रोब (सेन्सरचं टोक) आत, पाच मिनिटांनी ० दिसायला हवं, माझा ०.८ दाखवत होता म्हणून एफ४ ला -०.८ दिलं.

दह्याला ४२, इडलीच्या पिठाला ३०. थर्माकोलच्या खोक्यात ६० वॉटचा जुना फिलामेंटवाला बल्ब (एलईडी नको, त्याची ऊब पुरत नाही), फक्त तो थर्माकोलला टेकू देऊ नका. इपॉक्सीला हेच खोकं ३५ वर. गरम सॉकेटला राईस कुकर लावायचा तर साधा खटक्याचा, डिजिटलवाला लाईट जाऊन आली की परत चालू होतच नाही.

प्रोब दुधात नाही घालायचा, भांड्याला बाहेरून चिकटवायचा. आणि घट्ट. एकदा माझा निसटून ओट्यावर पडला, त्याला बिचाऱ्याला ओट्याचे २२ अंशच दिसत होते, मग रात्रभर बल्ब चालूच, सकाळी दह्याऐवजी फाटलेलं दूध. तेव्हापासून कपड्याचा चिमटा लावतो.