फौजी पणजोबांचा फोटो कधीचा?

आधी भिंग घ्या आणि खांद्याचे, टोपीचे बिल्ले बघा. मुकुट दिसला तर फोटो बहुधा 26 जानेवारी 1950 पूर्वीचा. प्रजासत्ताकानंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. छातीवरचं पदक फक्त ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच सांगतं: ‘पूर्वी स्टार’ किंवा ‘पश्चिमी स्टार’ हे पदक असेल तर 1971 चं युद्ध झाल्यावरचाच. पायाला गुंडाळलेल्या कापडी पट्ट्यांवर फार विसंबू नका, त्या दोन्ही महायुद्धांत होत्या. कृष्णधवल फोटोत पदकाच्या फितीचा रंग तर हमखास फसवतो. आणि हो, मागची बाजू! स्टुडिओच्या शिक्क्यात ‘पूर्व खानदेश’ असेल तर तो 1906 नंतरचा, कारण जिल्हा तेव्हा विभागला गेला. चौकटीतून काढताना ओढू मात्र नका, काचेला चिकटलेला चेहरा सोलून येतो.